हळू चालणारी गाडी

मोटारसायकल कशी निवडावी, तिचं सेटिंग कसं करावं आणि ती कशी राखावी, या विषयावर बोलायला एका कवीला बोलावलं याचं काहींना नवल वाटलं असेल. पण महाड-पोलादपूरकडे राहणारा माणूस कवी असो नाहीतर तलाठी, गाडीशी त्याची गाठ पडतेच. कविसंमेलन रात्री अकराला आटोपतं, शेवटची एस.टी. कधीच निघून गेलेली असते आणि घराकडचा रस्ता घाटातून असतो. मी बी. ए. झालेला माणूस, यंत्रशास्त्र शिकलो नाही. जे सांगणार आहे ते तीस-पस्तीस वर्षं गाडी चालवून आणि महाडच्या गॅरेजांमधल्या बाकड्यांवर बसून कळलेलं आहे.

पोलादपूरला रस्ता फुटतो. एक कशेडी घाटाने खेडकडे जातो, दुसरा आंबेनळी घाटाने, प्रतापगडाच्या अंगाने, महाबळेश्वरला चढतो. महाडहून आणखी एक वरंध घाटाने भोरला जातो. हे झाले नकाशातले रस्ते. माणसांचे रोजचे रस्ते त्यांना फुटलेले असतात, वाड्यांवर जाणारे. थोडं डांबर, पुढे थोडं काँक्रीट, मग लाल माती आणि दगड. पावसाळ्यात काँक्रीटवर शेवाळ धरतं, मातीचा चिखल होतो आणि वाटेत दोन-तीन वहाळ आडवे वाहतात. अशा ठिकाणी ताशी शंभराने पळणारी गाडी काय कामाची? तिथे माणसाच्या चालीने, बंद न पडता, न घसरता चढणारी गाडी लागते. माझं म्हणणं एवढंच आहे, की घाटातली गाडी हळू चालण्यासाठी घ्यायची असते आणि तिचं सेटिंगही हळू चालण्यासाठीच करायचं असतं.

जगात याच कसबाचा एक खेळ आहे. त्याला ट्रायल्स म्हणतात. यात वेगाला महत्त्व नाही. दगडधोंडे, ओढा, चिखल, उभा चढ असा एक टप्पा आखून दिलेला असतो आणि तो पाय जमिनीला न टेकवता पार करायचा असतो. एकदा पाय टेकला की एक दोष, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन. पडलात किंवा चढता आलं नाही तर पाच. ज्याचे दोष कमी तो जिंकला. स्कॉटलंडमध्ये १९०९ पासून अशी सहा दिवसांची स्पर्धा होत आली आहे. आपल्याला कौतुक वाटावं अशी गोष्ट म्हणजे १९५२ आणि १९५७ साली जॉनी ब्रिटन या इंग्रज स्वाराने ती रॉयल एनफिल्डवर जिंकली. त्या घराण्यातली बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली आणि पुढे आपल्या फौजदारांची गाडी झाली.

पण या खेळाची पुढची हकिगत आपल्या जास्त कामाची आहे. सॅमी मिलर नावाचा बेलफास्टचा स्वार मोठ्या, जड, पाचशे सीसीच्या गाडीवर भरपूर स्पर्धा जिंकत होता. १९६४ च्या अखेरीस त्याने ती सोडली आणि स्पेनच्या बुल्टाको कंपनीसाठी निम्म्या सीसीच्या इंजिनाची, हलकीफुलकी गाडी तयार केली. १९६५ मध्ये त्या गाडीवर त्याने स्कॉटलंडची स्पर्धा जिंकली आणि जड गाड्यांचे दिवस भरले. आज या खेळातली गाडी सत्तर किलोच्या आसपास असते. तिला बसायला धड सीटही नसते, कारण स्वार उभाच असतो.

या गाड्या आपल्याकडे सरसकट दुकानात मिळत नाहीत आणि घेतल्या तरी आपल्या उपयोगाच्या नाहीत. पण हा खेळ आमच्याकडे रोज चालतो. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधून वहाळातून येणारा दूधवाला, पावसात खांबावर चढायला निघालेला वायरमन, टपाल पोचवणारा पोस्टमन, हे सगळे ट्रायल्सचेच स्वार आहेत. पाय टेकला तर त्यांचे गुण जात नाहीत, दूध सांडतं. आणि कधी त्याहून मोलाचं काही मागे बसलेलं असतं. वाडीवर कुणाला रात्री ताप चढला, सर्प चावला, तर ॲम्ब्युलन्स जिथवर रस्ता धड आहे तिथवरच येते. वरून माणूस खाली आणायचा तो मोटारसायकलवरूनच. त्या वेळी गाडी वळणावर बंद पडली, तर तो केवळ गाडीचा दोष राहत नाही.

आता निवडीचं बघू. शोरूममध्ये पोरं विचारतात, ‘किती सीसी? कितीला पळते?’ मी म्हणतो, आधी वजन विचारा. साधी शंभर सीसीची गाडी एकशेदहा किलोच्या आसपास असते. दोनशे सीसीची उंच, कच्च्या रस्त्याची म्हणून मिळणारी गाडी दीडशेच्या पुढे जाते. हिमालयन किंवा बुलेट दोनशेच्या घरात. चिखलात आडवी पडलेली गाडी एकट्याने उभी करता येईल का, हा पहिला प्रश्न. दुसरा, सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला लागतात का. उंच गाडी दगडावरून सहज जाते हे खरं, पण चढावर थांबायची वेळ आली आणि पाय पोचला नाही, तर ती स्वारासकट दरीकडे कलते. तिसरा, इंजिनाचा पोटाखालचा भाग जमिनीपासून किती उंच आहे. चौथा, तिचे पार्ट महाडला मिळतात का. गाडी कितीही चांगली असली तरी क्लचच्या केबलसाठी पुण्याला जावं लागत असेल तर ती आपली नव्हे.

आमच्या लहानपणी दूधवाल्यांकडे राजदूत असायची. मूळ पोलंडची रचना, एकशेपंचाहत्तर सीसीची. धूर फार, पण अंगापिंडाने मजबूत. मग १९८५ साली हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली आणि थोड्याच वर्षांत तिने घाटातही बस्तान बसवलं. ताकद कमीच होती. पण ती हलकी होती, पेट्रोल बेताने पीत होती आणि पहिल्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढत होती. स्कॉटलंडला सॅमी मिलरने जे दाखवलं, ते आमच्या दूधवाल्यांनी त्याचं नाव न ऐकता ओळखलं.

निवडीनंतर सेटिंग. यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे पुढचं स्प्रॉकेट. चौदा दातांचं असेल तर तेरा दातांचं बसवायचं. गाडीची ओढ साधारण सात टक्क्यांनी वाढते, तेवढाच वरचा वेग कमी होतो. ज्याला रोज हायवेने पनवेल गाठायचं आहे त्याने हे करू नये. ज्याला रोज वाडी चढायची आहे त्याने जरूर करावं, मात्र चेनची लांबी आणि ताण पुन्हा बघून.

दुसरं, गाडीचं आयडलिंग. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन एका लयीत चाललं पाहिजे. इंजिन गरम झाल्यावर हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. रेस आपोआप वाढली तर थ्रॉटलची केबल कुठेतरी ताणली जातेय असं समजा. अरुंद वळणावर हीच गोष्ट माणसाला खाली नेते. क्लचच्या मुठीला थोडा ढिलेपणा हवा. तो नसेल तर क्लच पूर्ण धरत नाही आणि चढावर प्लेटा जळतात. जळक्या प्लेटांचा वास एकदा ओळखला की माणूस विसरत नाही.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांना आणखी एक गोष्ट असते. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, तर महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर. चाळीसेक किलोमीटरमध्ये हवा विरळ होते आणि खाली बरोबर असलेलं मिश्रण वर गेल्यावर पेट्रोलने जड होतं. गाडी दम टाकते, धूर काळसर येतो. आमचे मेकॅनिक प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघतात. बिस्किटासारखा असला तर ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर हवा जास्त. मला हे नेहमी हकिमाने जीभ बघण्यासारखं वाटत आलं आहे.

१ एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषण नियम लागू झाले आणि जवळजवळ सगळ्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. आता उंचीप्रमाणे मिश्रण गाडी स्वतःच बदलते. ही सोय आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण बॅटरी पूर्ण बसली तर अशी गाडी ढकलूनही सहसा चालू होत नाही. म्हणून पावसाळ्याआधी बॅटरी तपासून घ्या आणि जास्तीचे फ्यूज जवळ ठेवा. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलेलं असेल, किंवा झाकणाभोवतीचं पाणी बाहेर सोडणारी बारीक नळी चिखलाने बुजलेली असेल, तर आमच्या पावसात पाणी टाकीत उतरतं आणि तळाशी साचतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका.

राखण्याच्या बाबतीत उताराचा विचार चढापेक्षा जास्त करावा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरणारे लोक मी अजून बघतो. सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो आणि नेमक्या शेवटच्या वळणावर ब्रेक लागत नाही. वहाळ ओलांडल्यावर दहा-वीस पावलं ब्रेक हलकासा दाबत जा, म्हणजे शू सुकतात. चिखलात टायरमधली हवा किंचित कमी केली तर पकड वाढते, पण फार कमी केली तर रिमवर टायर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो. डांबरावर आल्यावर हवा पुन्हा भरायची. चेन आठवड्याला रॉकेलने, ते न मिळाल्यास डिझेलने पुसून तेल द्यायचं. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी.

आता जरा जड गोष्ट. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या दुःखापुढे गाड्यांचं काय सांगायचं? पण पाणी ओसरल्यावर ज्यांचं पोट गाडीवर होतं, त्यांना गाडी लगेच हवी होती. गॅरेजांसमोर चिखलाने माखलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या. तेव्हा शहाणे मेकॅनिक प्रत्येकाला आधी एकच वाक्य सांगत होते, ‘भाऊ, सेल मारू नका, किकही मारू नका.’ कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन जोरात फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि थोड्या खर्चाचं काम मोठ्या खर्चाचं होतं.

पूर पुन्हा येणार नाही असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, म्हणून पद्धत सांगून ठेवतो. आधी बॅटरीची वायर काढा. मग प्लग काढा आणि गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने सावकाश फिरवा, म्हणजे पाणी प्लगच्या भोकातून बाहेर येतं. इंजिन ऑइल सोडा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. स्वस्तातलं ताजं ऑइल घालून इंजिन थोडा वेळ चालवून पुन्हा सोडायचं, आणि चहाचा रंग जाईपर्यंत हे करायचं. पण त्याआधी टाकीतलं पेट्रोल पूर्ण बदला, एअर फिल्टर बदला, सायलेन्सरमधलं पाणी काढा, वायरिंगचे जोड सुकवा. ब्रेकचे ड्रम उघडून गाळ धुवा आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरा. इंजेक्शनची गाडी असेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. घाई करणाऱ्याची गाडी त्या दिवशी चालू होते आणि महिन्याभराने कायमची बसते.

तरुण श्रोत्यांना शेवटचं सांगतो. आज कर्ज सहज मिळतं आणि जाहिरातीत गाडी बर्फाच्या डोंगरावर उडताना दिसते. आपला डोंगर वेगळा आहे, तो ओला आहे. गाडी घेण्याआधी ती एकदा आपल्या वाडीच्या चढाला नेऊन बघा. मागे एक माणूस बसवा. पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्या म्हातारीच्या बरोबरीने, पाय न टेकवता आणि इंजिन बंद न पडता शंभर पावलं चढा. तेवढं जमलं, तर खुशाल पैसे भरा.