बोटीचा नंबर पाठ आहे का?

आम्ही मीरा-भाईंदरच्या उत्तनहून बोलतोय. मासेमारीबंदी सुरू आहे. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस आमच्या बोटी शाकारून किनाऱ्यावर असतात. जाळी विणायची, इंजिन उघडायचं, रंग काढायचा, ही कामं याच दिवसांत होतात. आणि बचत गटाकडे कर्जाचे अर्जही याच दिवसांत येतात. त्यात आता जाळी आणि इंजिनाबरोबर जीपीएस, वायरलेस सेट, फिश फाइंडर अशी नावं असतात. यातलं आधी काय घ्यायचं आणि नंतर काय, हे ठरवायला आम्ही एका चुकीतून शिकलो. ती चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी गटातल्या एका ताईने फिश फाइंडरसाठी कर्ज मागितलं. पाण्याखाली मासळीचा थवा कुठे आहे, खोली किती आहे, हे पडद्यावर दाखवणारं ते यंत्र. उत्पन्न वाढेल, हप्ते वेळेवर येतील, असा विचार करून आम्ही एका बैठकीत कर्ज मंजूर केलं. बोटीवर बाकी काय आहे, हे कोणीच विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये बोट निघाली. वर सहा माणसं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत यायची होती, ती रात्र झाली तरी आली नाही. मोबाइल लागत नव्हता. नऊच्या सुमारास ताई आमच्या दारात आली. आम्ही मदतीसाठी फोन लावला. पलीकडून साधे प्रश्न आले. बोटीचा नंबर काय? रंग कोणता? माणसं किती? कोणत्या दिशेला गेली? परत कधी येणार होती? माणसं सहा, एवढंच आम्हाला सांगता आलं. ज्या बोटीवर घर चालतं, तिचा नंबर घरातल्या एकाही बाईला ठाऊक नव्हता. डिझेलच्या पुस्तकाबरोबर पिशवीत ठेवलेला कागद शोधायला पाऊण तास गेला.

बोट सकाळी सापडली. आमच्याच बंदरातल्या दुसऱ्या बोटीने तिला पाहिलं आणि दोर बांधून ओढत आणलं. सगळे सुखरूप होते. झालं असं की इंजिन बंद पडलं, ते सुरू करण्यासाठी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला आणि बॅटरी उतरली. वायरलेस सेट त्याच बॅटरीवर होता, तोही गेला. नवा फिश फाइंडर होता, पण मदत मागायला काही नव्हतं.

त्यात ती बोट डोलीची. डोल जाळं एका जागी बांधलेलं असतं, भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी त्यात आणतो. मासळीच्या मागे फिरायचंच नाही, तर थवा दाखवणाऱ्या यंत्राचा उपयोग किती? डोलीच्या बोटीला आपलं जाळं अंधारात, धुक्यात नेमकं सापडवणारा जीपीएस जास्त कामाचा. हे तांडेलाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. आम्ही विचारलंच नाही.

तेव्हापासून गटात एक क्रम ठरला. माणूस परत आणणारी वस्तू आधी, मासळी वाढवणारी नंतर.

पहिलं, प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट, शिट्टीसकट. ते विजेवर चालत नाही, पण ते नसेल तर पुढच्या वस्तूंसाठी कर्ज नाही. आणि जॅकेट हाताशी हवं, बर्फाच्या खणाखाली दाबलेलं नको.

दुसरं, संकटाचा संदेश उपग्रहामार्फत पाठवणारं यंत्र. इस्रोने मच्छिमारांसाठी असं यंत्र तयार केलं, त्याला डॅट म्हणतात. ते 2010 पासून वापरात आहे. बटण दाबलं की बोटीची ओळख आणि जागा बंगळुरूच्या केंद्राला कळते आणि तिथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राला. मोबाइलची रेंज लागत नाही. जुन्या यंत्रात एक उणीव होती. बटण दाबणाऱ्याला आपला संदेश पोचला की नाही, ते कळत नसे. जानेवारी 2024 मध्ये इस्रोने नवं यंत्र आणलं, त्यात संदेश मिळाल्याची पोच बोटीवर येते. भर समुद्रात थांबलेल्या माणसाला त्या पोचेचा केवढा धीर असेल, ते आपल्याला समजतं.

त्याच वर्षी, 30 ऑगस्ट 2024 रोजी, आपल्या शेजारच्या पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एका मोठ्या योजनेची सुरुवात झाली. देशातल्या 1 लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायचे, अशी ती योजना. त्यातून दोन्ही बाजूंनी संदेश जाऊ-येऊ शकतात, वादळाची सूचनाही बोटीवर मिळते. म्हणून असं काही विकत घेण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे आणि आपल्या मच्छिमार सोसायटीत चौकशी करा. सरकारी योजनेतून मिळणाऱ्या वस्तूसाठी कर्ज कशाला काढायचं?

तिसरं, वायरलेस सेट, म्हणजे व्हीएचएफ. मोबाइलवर एकच माणूस ऐकतो. वायरलेसवर हाक दिली की आजूबाजूच्या सगळ्या बोटी आणि जहाजं ऐकतात, आणि आमची बोट आणली ती शेजारच्या बोटीनेच. संकटासाठी जगभर 16 नंबरचं चॅनल ठरलेलं आहे. ते चालू ठेवायचं, त्यावर गप्पा मारायच्या नाहीत. बोटीवर पक्का बसवायचा सेट साधारण 25 वॅटचा असतो, हातात धरायचा 5 वॅटचा. पण पल्ला नुसत्या वॅटवर ठरत नाही, अँटेना किती उंच आहे यावर ठरतो, कारण या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. महागडा सेट घेऊन अँटेना केबिनच्या कडेला खाली बांधली, तर पैसे वाया. परवान्याचे नियम दुकानदाराला विचारू नका, सरकारी कार्यालयात विचारा. आणि कोणी परदेशी सॅटेलाइट फोन स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे.

चौथं, जीपीएस. तो घेतल्यावर त्यातले आकडे वाचायला घरातल्या एकीने तरी शिकावं. आमचं उत्तन साधारण 19.28 अंश उत्तरेला आहे. हाच आकडा कोणी 19 अंश 28 मिनिटं असा सांगितला, तर जागा सुमारे 20 किलोमीटर उत्तरेला सरकते. शोधायला गेलेली बोट भलतीकडेच फिरत राहील. म्हणून आकडा सांगताना तो नुसत्या अंशांत आहे की अंश आणि मिनिटांत, हे बोलून सांगायचं. जीपीएस आला म्हणून होकायंत्र काढून टाकू नका. होकायंत्राला बॅटरी लागत नाही. फक्त त्याच्या जवळ गाण्याचा स्पीकर किंवा लोखंडी वस्तू ठेवू नका, सुई चुकीची दिशा दाखवते.

पाचवं, मोठ्या जहाजांना आपण दिसणं. मुंबईच्या बंदरांकडे जहाजांची सतत ये-जा असते. लाकडी बोट त्यांच्या रडारवर नीट दिसत नाही. एआयएस नावाचं यंत्र आपल्या बोटीची जागा, वेग आणि दिशा जहाजाच्या पडद्यावर दाखवतं. ते परवडत नसेल तर निदान डोलकाठीवर धातूचा रडार रिफ्लेक्टर लावा. त्याला वीज लागत नाही आणि तो कमी पैशांत मिळतो. रात्रीचे दिवे चालू हवेत, हे तर सांगायलाच नको.

या सगळ्यानंतर फिश फाइंडर. तो वाईट नाही. ट्रॉलरला, फिरून मासेमारी करणाऱ्या बोटीला त्याचा उपयोग आहे, उथळ पाण्यात खोलीही कळते. पण त्याची पाळी शेवटची.

आता बॅटरीबद्दल. ज्या बॅटरीवर इंजिन सुरू होतं, तिच्यावर वायरलेस ठेवायचा नाही. त्याला वेगळी बॅटरी द्यायची आणि ती उंचावर बसवायची, कारण बोटीत पाणी शिरलं की ते आधी तळाशी साठतं. प्रत्येक यंत्राला फ्यूज हवा. तारांचे जोड खाऱ्या हवेने हिरवे पडतात, ते महिन्यातून एकदा बघायला हवेत. बंदीच्या दिवसांत यंत्रं काढून घरी आणली, तर ती पुसून कोरड्या जागी ठेवणं आपल्याच हातात आहे.

दुकानात गेल्यावर आणखी एक विचारा. खोक्यावर आयपीएक्स 7 लिहिलं असेल, तर ती वस्तू 1 मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, असा त्याचा अर्थ. ‘वॉटरप्रूफ आहे’ एवढ्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका. पक्कं बिल घ्या, आणि बिघडलं तर दुरुस्ती कुठे होणार, तेही विचारा.

आमच्या गटात आता अशा कर्जासाठी ताई आणि तांडेल दोघांनी बैठकीला यायचं, असा नियम आहे. सुरुवातीला पुरुषमंडळी हसली. यंत्रातलं बायकांना काय कळतं, असं म्हणाली. आम्ही म्हटलं, हप्ता भरताना बोंबील वाळवणारे हात आमचे, भाईंदरच्या बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्याही आम्ही, मग दोन प्रश्न विचारू द्या. आता काही तांडेल स्वतःच बॅटरीचा कागद घेऊन येतात.

आणि कर्ज मिळण्याआधी एक कार्ड भरून द्यायचं. त्यावर बोटीचं नाव, आयएनडी-एमएचने सुरू होणारा नोंदणी नंबर, बोटीचा रंग, बोटीवरच्या सगळ्यांची नावं, तांडेलाचा फोन, संकटाच्या यंत्राचा नंबर आणि सोबत जाणाऱ्या दोन बोटींची नावं. निघताना दिशा आणि परत यायची वेळ पेन्सिलीने लिहायची. खाली ठळक अक्षरांत दोन फोन नंबर. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी सुरक्षेचा 1093. हे कार्ड स्वयंपाकघराच्या दारामागे लावायचं. कोणी यायला किती उशीर झाला की फोन करायचा, तेही निघण्याआधी ठरवायचं. ‘उगाच घाबरलीस’ असं कोणी म्हणेल, या भीतीने त्या रात्री ताई दोन तास घरातच बसून राहिली होती.

नोव्हेंबर 2009 चं फयान आणि मे 2021 चं तौक्ते, ही दोन्ही वादळं किनाऱ्यावरच्या घरांना आठवतात. वादळ आपण थांबवू शकत नाही. धोक्याची सूचना आली की बोट बाहेर काढायची नाही, याला तर कोणतंही यंत्र पर्याय नाही. पण समुद्रात असलेल्या माणसाला हाक देता यावी आणि ती हाक आल्यावर आपल्याला उत्तर देता यावं, एवढी तयारी आपण करू शकतो.

ज्या मैत्रिणींच्या गावाला समुद्र नाही, त्यांच्या गटातही पंप, गिरणी, ट्रॅक्टरसाठी कर्ज जातं. यातून किती मिळेल, हे आपण विचारतो. हे बिघडलं तर माणसाचं काय होईल, हेही विचारा.

1 ऑगस्टला अजून वेळ आहे. आज घरी विचारा, आपल्या बोटीचा नंबर काय? आणि तो पाठ करा.