आठ विजयांचा हंगाम



वैशाखाच्या ऐन उकाड्यात बर्फावरच्या खेळाविषयी बोलायचे, म्हणजे श्रोत्यांना फुकटचा गारवा देण्याचा डाव असावा, असे कुणाला वाटेल. वाटले तर वाटू द्या. माझा विषय मात्र एका पराभवाचा आहे, आणि तो पराभव साधासुधा नव्हे. 1974-75 च्या हंगामात वॉशिंग्टन कॅपिटल्स नावाचा आइस हॉकीचा नवाकोरा व्यावसायिक संघ 80 सामने खेळला. त्यांतले 8 जिंकला, 67 हरला आणि 5 बरोबरीत सोडवले. परगावी 40 सामने झाले, त्यांपैकी 39 गमावले. उत्तर अमेरिकेतल्या त्या राष्ट्रीय लीगमध्ये तेव्हा 18 संघ होते आणि 12 संघांना पुढच्या बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये, जागा मिळत असे. तिघांतल्या दोघांना उघडणारे दार, आणि हे त्या दाराच्या आसपाससुद्धा फिरकले नाहीत. त्यांच्या गटातून तिसऱ्या क्रमांकाने आत गेलेल्या पिट्सबर्गचे गुण 89, ह्यांचे 21.

अशा संघाला हसणे सोपे आहे. त्या वेळी लोक हसलेही. पण हा पराभव झाला कसा, हे पाहू लागलो की हसणे ओठांवरच राहते.

हॉकी म्हटले की आपल्याला ध्यानचंद आठवतात. हा खेळ त्याच घराण्यातला, पण थंड मुलखात वाढलेला. चेंडूऐवजी रबराची कठीण चकती, बुटांना पोलादी पाती, गोलरक्षक धरून एका वेळी मैदानात सहा जण. वेग असा की पाऊण-एक मिनिटात छाती भरून येते आणि दमलेला खेळाडू बाकावर परतून ताजा आत उतरतो. त्यामुळे संघाचे बळ पाच-सहा नामांकितांत साठलेले नसते. दहावा कोण, पंधरावा कोण, ह्यावर सामन्याचा निकाल लागतो. आमच्याकडे लग्नघरात वाढपी कमी पडले की पंगतीची जी दशा होते, तीच येथे दुसऱ्या फळीवाचून होते.

आता नवा संघ उभा कसा करीत, ते पाहा. मालकाने लीगला 60 लाख डॉलर प्रवेशशुल्क द्यायचे. मग जुन्या 16 संघांनी प्रत्येकी दोन गोलरक्षक आणि पंधरा खेळाडू राखून ठेवायचे, आणि उरलेल्यांतून नव्यांनी निवड करायची. म्हणजे ज्याला घरच्यांनी अठरावा मानला, तो ह्यांचा पहिला! त्यातून काळही वाईट. 1967 पूर्वी ह्या लीगमध्ये अवघे 6 संघ होते. आठ वर्षांत ते 18 झाले. 1972 साली प्रतिस्पर्धी लीग निघाली, तिचेही ह्या हंगामात 14 संघ होते. सहा संघांना पुरणारे दूध बत्तीस घरांत वाटायचे, तर पाणी घालण्यावाचून उपाय काय? आणि ते पाणी शेवटी आलेल्याच्या भांड्यात पडणार, हे उघड आहे. पहिला सामना व्हायच्या आधीच निकालाची निम्मी बेरीज मांडून झाली होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे घेणाऱ्यांनीच उष्टे वाढले.

पण मंडळी, बेरीज कागदावर कुणीही मांडावी. बर्फावर रोज संध्याकाळी उतरायचे होते ते माणसांना.

रॉन लो हा त्यांचा गोलरक्षक. संघाचे आठही विजय त्याच्या नावावर आहेत. दुसरा मिशेल बेलुमेर, त्याच्या नावावर 24 पराभव आणि 3 बरोबरी. विजय एकही नाही. हंगामभरात ह्या संघावर 446 गोल झाले, सामन्यामागे साडेपाचांहून अधिक. दर खेपेला मागे वळून जाळ्यातली चकती पाहायची आणि पुन्हा वाकून उभे राहायचे. ह्या कामाला कोणता शब्द वापरावा, हे मला अजून सुचलेले नाही.

प्रशिक्षक तीन झाले. जिम अँडरसन गेले, रेड सलिव्हन आले आणि तेही गेले. अखेर व्यवस्थापक मिल्ट श्मिट, जे खेळाडू म्हणून बोस्टनचे मानकरी होते, ते स्वतःच बाकामागे उभे राहिले. माणसे बदलली म्हणून पंधरावा खेळाडू काही सुधारत नाही.

ह्याच संघात माइक मार्सन नावाचा 19 वर्षांचा मुलगा होता. विली ओरी 1958 साली बोस्टनकडून खेळला, त्यानंतर ह्या लीगमध्ये आलेला हा दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू. हरणाऱ्या संघात नवखेपण, आणि त्यावर वर्णद्वेषाच्या शिव्या. त्या हंगामात त्याने 16 गोल केले. हा आकडा गुणतक्त्यात शोधून सापडणार नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

परगावचे ओळीने 37 सामने हरल्यावर 28 मार्च 1975 रोजी ओकलंडला कॅलिफोर्नियाच्या संघाविरुद्ध हे 5-3 ने जिंकले. विजेत्याला मिळणारा स्टॅन्ले चषक ह्या खेळातले परमोच्च भूषण. त्या रात्री ह्या पोरांनी कपडे बदलण्याच्या खोलीतला कचऱ्याचा डबा उचलला आणि तोच चषक मानून मिरवला, असे त्यांच्यातले खेळाडू पुढे अनेक वर्षे सांगत आले. कुणी म्हणेल, हा पोरकटपणा. मला तसे वाटत नाही. ज्यांना आपली पायरी इतकी नेमकी ठाऊक आहे आणि तरीही आनंद करता येतो, त्यांना हरलेले म्हणताना माझी जीभ अडखळते.

बाद फेरीत हा संघ प्रथम पोहोचला 1983 साली. खरा स्टॅन्ले चषक हाती आला 2018 साली, त्रेचाळीस वर्षांनी. तोवर पहिल्या फळीतली मुले आजोबा झाली होती.

राहिला बिल मिकेल्सन. खेळाडू मैदानात असताना आपल्या बाजूने किती गोल झाले आणि विरुद्ध किती, ह्याची वजाबाकी ह्या खेळात ठेवतात. त्या हंगामातली मिकेल्सनची वजाबाकी उणे 82. एका हंगामातला तो नीचांक ठरला, आणि तो त्याच्या नावाला चिकटून राहिला. नवख्या संघाचा बचाव करायला उभ्या राहिलेल्या माणसाच्या खात्यावर सगळ्या लीगने केलेला हिशेब लिहिला गेला. पुढे त्याला मुलगी झाली, मेगन. तीही बापासारखीच बचाव फळीत खेळू लागली. 2010 साली व्हँकूव्हरला आणि 2014 साली सोचीला ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या कॅनडाच्या महिला संघात मेगन मिकेल्सन होती.