नवा कट्टा, जुना प्रश्न

पुण्याला कट्ट्याचं वेड जुनंच. २००६च्या सुमारास इथली कॉलेजची मुलं सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘ऑर्कुट’च्या कट्ट्यावर जमू लागली. त्याच वर्षी छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या बदनामीकारक मजकुरावरून पुण्यात सायबर कॅफेवर हल्ला झाला. मजकूर कॅफेवाल्यानं लिहिलेला नव्हता, आणि तो पुसणंही त्याच्या हातात नव्हतं!

२००७ मध्ये तशाच मजकुरासाठी पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला पकडलं. तपासात हाती आलेली इंटरनेट जोडणीची माहितीच चुकीची होती. तो निरपराध तरुण सुमारे ५० दिवस तुरुंगात राहिला.

ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं. पुढे २०१९ मध्ये ट्विटरवर रुसून अनेक भारतीय ‘मॅस्टोडॉन’वर गेले. तिथे प्रत्येक सर्व्हरचे नियम वेगळे. देशी ‘कू’ आलं, तेही २०२४ मध्ये मिटलं. कट्टे बदलतात, प्रश्न तोच राहतो: काय चालेल, हे ठरवणार कोण? आणि त्याचं चुकलं तर दाद कुठे मागायची?

२०२१च्या नियमांनुसार अशा कंपन्यांना तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करावं लागतं. त्याचा निर्णय पटला नाही, तर सरकारनं नेमलेल्या समितीकडे अपील करता येतं. नवं ॲप जरूर वापरून बघा. पण पहिला फोटो टाकण्याआधी ते नाव शोधा. सापडलंच नाही, तर तो कट्टा आपला नव्हे.