पाठीवरचे इंजिन

पुण्याजवळ कामशेतच्या टेकड्यांवर कापडी पंखाखाली लटकून तरंगणारी माणसे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. त्यांना उडायला उतार लागतो आणि वर चढायला वाऱ्याची मेहेरबानी. त्याच माणसाच्या पाठीवर वीस-तीस किलोंचे इंजिन आणि फिरते पाते बांधा, की झाला पॅरामोटर! मग टेकडी नको. सपाट माळावर थोडे धावले की पाय जमिनीवरून सुटतात.

सांगायला सोपे, बनवणाऱ्याला विचारा. या विमानाची चाके म्हणजे माणसाचे दोन पाय. सांगाडा जाड केला, तर धावणारा वाकतो. बारीक केला, तर धडपडल्यावर मोडतो. पात्याभोवती जाळीचे कडे हवेच, नाहीतर हात किंवा पंखाची दोरी आत जायची. शिवाय पाते एका बाजूला फिरते, तेव्हा सांगाडा उलट बाजूला वळू पाहतो. मग पट्टे बांधतानाच त्याचा तोल साधावा लागतो. ही कामे बरीचशी लहान कारखान्यांतूनच चालतात, आणि तिथे बनवणारा स्वतःच उडणाराही असतो, हे मला मोठे मोलाचे वाटते.

इंग्लंडमधील पॅराजेट हा असाच एक कारखाना. त्याचे संस्थापक गिलो कार्डोझो आणि साहसवीर बेअर ग्रिल्स यांनी एव्हरेस्टहून उंच उडायचे ठरवले. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक-तृतीयांश उरतो. माणसासारखीच इंजिनालाही धाप लागते. म्हणून कार्डोझोंनी खास इंजिन घडवले, आणि 14 मे 2007 रोजी दोघेही आपापले यंत्र पाठीवर बांधून निघाले.

सुमारे 28,000 फुटांवर एक इंजिन बिघडले. कोणाचे म्हणता? ज्याने बनवले त्याचेच! ग्रिल्स पुढे चढत गेले. शिखराच्या नेमके माथ्यावर नव्हे, पण जवळच्या आकाशात 29,500 फूट गाठल्याचे त्यांनी नंतर सांगितले. एव्हरेस्ट आहे 29,032 फूट.

आणि कार्डोझो? इंजिन थांबले म्हणून माणूस दगडासारखा कोसळत नाही बरे का. वरचा पंख हवेने फुगलेलाच असतो. पॅरामोटरचा पुन्हा साधा पॅराग्लायडर होतो, इतकेच. स्वतःच्या हातचे ते रुसलेले यंत्र पाठीवर तसेच घेऊन कार्डोझो सुखरूप खाली उतरले.