पात्याची झिलई

पावसाळी हवेत विळी एक रात्र ओली राहिली, की सकाळी पात्यावर तांबूस पूड हजर. माळ्यावरच्या जुन्या सुऱ्यांची दशा तर पाहवत नाही. लोक त्या भंगारात घालतात आणि चकचकीत स्टेनलेसची सुरी आणतात. 1913 साली शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं पोलादात क्रोमियम मिसळून ते न गंजणारं केलं, त्याचे उपकार आहेतच. पण जुन्या साध्या पोलादाला निसण्यावर चटकन धार लागते. म्हणून म्हणतो, ती सुरी टाकू नका, उजळा. हार्डवेअरच्या दुकानातले चार-पाच कागद आणि एक मोकळी दुपार, एवढाच खर्च.

आधी गंज काढायचा. पातं तास-दोन तास व्हिनेगरमध्ये बुडवा; मूठ बाहेर, कारण लाकडाला ते मानवत नाही. गंज सुटतो आणि पातं राखाडी, निस्तेज दिसतं. घाबरू नका. खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच पुसून कोरडं करा. ओलं राहिलं तर बघता बघता पुन्हा तांबूस होईल.

आता वॉटर पेपर. त्याच्या पाठीवर आकडा छापलेला असतो: 220, 400, 600, 1000. आकडा वाढतो तसा कण बारीक. सुरी पाटावर आडवी ठेवून मूठ घट्ट बांधा, धारेवर चिकटपट्टी लावा. कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा आणि पाणी शिंपडत घासा. हाताचा रोख पाठीकडे असावा, धारेकडे कधीही नको.

खरी मेख पुढे आहे. 220 चा कागद पात्याच्या लांबीला धरून फिरवा. 400 चा त्याला आडवा. मग पातं खिडकीशी नेऊन उजेडात तिरकं धरा. उभ्या रेघांमधली एक जरी दिसली, तरी 400 चं काम संपलेलं नाही. ती गेल्याशिवाय 600 ला हात लावायचा नाही, आणि 600 पुन्हा उभा. दर वेळी पातं नि पाट दोन्ही पुसा, कारण जाड कागदाचा एक कण मागे राहिला तर सगळी मेहनत ओरबाडून ठेवतो. चकाकी वरून चढवायची नसतेच. ओरखडे इतके बारीक करायचे, की उजेड विखुरण्याऐवजी सरळ परत यावा. लोक घाई करतात ती पहिल्याच कागदावर, आणि मग शेवटच्या कागदाला बोल लावतात. गंजाचा एखादा खोल खड्डा मात्र राहू द्या. त्याच्यामागे लागलात तर पातंच झिजून जाईल.

ड्रिलला चाक लावून हेच पाच मिनिटांत होईल, असं कुणीतरी सांगेलच. ऐकू नका. धारेची कड पातळ, ती क्षणात तापते. 230 अंशांच्या आसपास पोलाद गवती पिवळं दिसू लागतं, 300 च्या सुमाराला निळं. निळं झालं की पात्याचं पाणी उतरलंच समजा. मग कितीही घासा, धार टिकत नाही. रस्त्यावरचा कसलेला धारवाला पातं चाकाला टेकवतो न टेकवतो तोच उचलतो, ते उगीच नाही.

आरशासारखं पातं हवं असेल तर 2000 पर्यंत जा, शेवटी हिरव्या पॉलिशची वडी चामड्याच्या पट्ट्याला लावून घोटा आणि साबणानं स्वच्छ धुवा. मी मात्र 600 वर थांबेन. स्वयंपाकघरातल्या सुरीला आरसा कशाला? पहिल्याच कांद्याला त्यावर डाग पडणार. केळफूल किंवा कच्चं केळं चिरलं की पातं काळवंडतं, कारण त्यातल्या तुरट अंशाची लोखंडाशी गाठ पडते. हिरडा आणि हिराकस एकत्र करून कापड काळं रंगवतात, तोच हा प्रकार. हा काळसर थर गंज नव्हे. उलट गंजाला तो थोडाफार अडवतो. घासून काढू नका.

आणखी एक. पातं उजळलं म्हणजे धार आली असं नाही. कागदानं कड थोडी गोलच होते, तेव्हा चिकटपट्टी काढून सगळ्यात शेवटी निसणा. मग खोबरेलाचा एक थेंब बोळ्यानं पातळ पसरून ठेवा. शेंगदाण्याचं तेल लावू नका, त्याचा चिकट थर बसतो आणि तो काढायला पुन्हा घासणी घ्यावी लागते.