शरीरातील आवरणे

मेंदू, हृदय, फुप्फुसे, आतडी, इतकेच काय, हाडे आणि स्नायूदेखील शरीरात उघडे नसतात. प्रत्येकावर पातळ आवरण असते. मटण साफ करताना खाटीक सुरीच्या टोकाने जो पांढरट, चिवट पापुद्रा ओढून काढतो, तो स्नायूवरच्या अशाच आवरणाचा.

छातीतली आणि पोटातली आवरणे दुपदरी असतात. एक पदर अवयवाला चिकटलेला, दुसरा आतल्या भिंतीला, आणि मध्ये किंचित द्रव. या द्रवामुळेच फुप्फुस दिवसभरात हजारो वेळा फुगूनही बरगड्यांच्या आतल्या बाजूवर घासत नाही. पदरांना सूज आली की खोल श्वास घेताना छातीत कळ येते. पदरांमध्ये द्रव साचला तर ‘छातीत पाणी झाले’ असे म्हणतात. भारतात याचे एक मोठे कारण क्षयरोग असल्याने, पाणी काढल्यावर बरे वाटले तरी मूळ रोगाचे औषध पूर्ण घ्यावेच लागते.

हृदयाच्या आवरणाचा बाहेरचा थर तंतुमय असतो, तो पटकन ताणला जात नाही. निरोगी माणसात आवरणाच्या आत 15 ते 50 मिलिलिटर द्रव असतो. अपघातात तिथे एकाएकी 200 मिलिलिटरच्या आसपास रक्त साचले, तरी हृदयाला फुलायला जागा उरत नाही आणि रक्तदाब कोसळतो. तोच द्रव कित्येक आठवडे हळूहळू साचत गेला, तर आवरण सैलावते आणि लिटरभरही सामावून घेते. म्हणजे द्रव किती, यापेक्षा तो किती वेगाने साचला, हे अधिक महत्त्वाचे.

मेंदूभोवती तीन आवरणे असतात. बाहेरचे जाड व चिवट, मधले जाळीदार, आतले अगदी नाजूक. यांना जंतुसंसर्ग झाला की ताप, असह्य डोकेदुखी आणि ताठलेली मान ही लक्षणे दिसतात. अशा रोग्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

हाडावरचे आवरण मज्जातंतूंनी भरलेले असते. नडगीला पलंगाची कड लागल्यावर डोळ्यांत पाणी येते ते त्यामुळे. मोडलेले हाड सांधणाऱ्या पेशीही बऱ्याच अंशी याच आवरणातून येतात.

हातापायांतले स्नायू गटागटाने चिवट आवरणांच्या कप्प्यांत बसवलेले असतात. हाड मोडल्यावर कप्प्यात सूज वाढते, पण भिंती सरकत नाहीत. आतला दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो आणि सहा तासांच्या आसपास स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. घट्ट बांधलेले प्लास्टर किंवा पट्टी यात भर घालते. शस्त्रक्रियेने आवरण वेळीच उघडले तर हात किंवा पाय वाचतो. प्लास्टर घातल्यावर वेदना कमी होण्याऐवजी वाढत चालली, बोटे हलवताना जीव कासावीस झाला किंवा बोटे बधिर पडली, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.