धुराचा इशारा, वेळेवर सुटका

18 मे 2025 च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली. तिथेच राहणाऱ्या मालकाच्या कुटुंबासह आठ जणांचा जीव गेला.

झोपेत धुराच्या वासाने जाग येईलच, याची खात्री नसते. म्हणून झोपण्याच्या खोलीत आणि बाहेरच्या वाटेवर छताला धूरसूचक यंत्र लावा. दर महिन्याला बटण दाबून ते तपासा. यंत्र वाजले, तर सामान गोळा करू नका. धुरातून वाकून बाहेर पडा, 101 किंवा 112 ला फोन करा आणि परत आत जाऊ नका.

धूर निदान दिसतो; पण कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वासही नाही. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर, बंद खोलीतली कोळशाची शेगडी यांतून तो साचतो. त्यासाठी वेगळे सूचक यंत्र लागते. ते वाजले किंवा घरात अनेकांना एकदम डोकेदुखी, मळमळ, चक्कर जाणवली, तर लगेच मोकळ्या हवेत या आणि 108 ला कळवा.

गिझर न्हाणीघराबाहेर बसवा, पेटती शेगडी खोलीत ठेवून झोपू नका. यंत्र इशारा देते. बाहेर पडायचे आपणच असते.